पोर्ट नंबर आठ हजार

“सापडला. हा बघा काका, उघडा पोर्ट,” गंधाली म्हणाली, आणि लॅपटॉपवर इतकी वाकली की नाक पडद्याला टेकायचं तेवढं बाकी राहिलं.

ती नेटवर्क दुरुस्त करणारी, आणि अंधेरीतल्या त्या सोसायटीने तिला बोलावलं होतं साध्या तक्रारीसाठी. रोज सकाळी दहा वाजले की गेटच्या कॅमेऱ्याचं चित्र अडकायचं. पोरीने थेट राउटरचे पोर्ट तपासायला घेतले. पोर्ट म्हणजे इंटरनेटच्या ये-जा करायच्या खिडक्या. असतात हजारोंनी. एकेकीवर टकटक करायची आणि कुठली उघडते ते बघायचं. बाकी सगळ्या घट्ट बंद होत्या, पण आठ हजार नंबरची सताड उघडी. आणि तिच्यातून त्या क्षणाला अकरा मोबाईल गेट बघत बसले होते. एवढी गर्दी झाल्यावर चित्र अडकेल नाही तर काय करेल? गंधालीला घबाड मिळाल्यासारखं झालं.

सेक्रेटरी श्यामकांत प्रधान मात्र लालबुंद झाले.

“टोळी आहे ही. गेटवर पाळत ठेवतायत. कॅमेऱ्याचा पासवर्ड फक्त दोघांना ठाऊक असणार. एक मी, आणि मी टाइप करताना पाठीमागे उभा असतो तो.” त्यांनी ऑफिसच्या दारातल्या वॉचमनकडे बोट दाखवलं.

जयवंत चौदा वर्षं त्या गेटवर होता. प्रधानांनी फेरीवाल्यांना आत यायची बंदी केली, तेव्हापासून सगळ्यांना अडवून अर्ध्या सोसायटीचा राग तोच झेलत होता. “माका खरांच ठावक नाय, सायबानू,” एवढंच तो म्हणाला. प्रधानांनी कागद पुढे ओढला आणि त्याला कामावरून काढल्याची चिठ्ठी लिहायला घेतली. मुलगी बारावीला असलेला माणूस उभ्या जागी पांढराफटक पडला.

“काका, पाच मिनिटं द्या मला. मोबाईल कुणाचे ते इथून कळत नाही, पण आमच्या धंद्यात एक युक्ती आहे. पोर्ट बंद करून टाकायचा आणि गप्प बसायचं. ज्याचं अडतं तो आपण होऊन बोंबलत येतो.”

“चोर कशाला येईल बोंबलत?”

“येतो हो. बघाच तुम्ही.”

खात्री तिलाही नव्हती. पण आता माघार घेईल तर ती गंधाली कसली? तिने बटण दाबलं. अकराचा आकडा शून्यावर आला.

एक मिनिट गेलं, मग दुसरं. चिठ्ठी लिहून झाली. प्रधान सही करायला वाकले. तेवढ्यात फोन वाजला. प्रधानांचाच होता, घरून. हातात पेन होतं, म्हणून त्यांनी तो टेबलावरच स्पीकरवर टाकला.

“अहो, गेटचा कॅमेरा बंद पडलाय का?” त्यांच्या पत्नीचा, वसुधाबाईंचा आवाज ऑफिसभर घुमला. “वर्सोव्याची सुंदराबाई पाटी घेऊन आली की नाही, काही म्हणता काही दिसत नाही. तुम्ही तिला वर येऊ देत नाही, आणि जरा उशीर झाला की पापलेटं ए विंगवाल्या उचलून नेतात.”

प्रधानांनी पेन खाली ठेवलं. “तुला... तुला पासवर्ड कुणी दिला?”

“द्यायला कशाला हवा कुणी? स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तुम्हीच लिहून ठेवलाय, गॅसच्या तारखेखाली. मी बी विंगमधल्या दहाजणींना देऊन टाकला. एका जयवंतला तेवढा कळू दिला नाही आम्ही. तो पडला सरळमार्गी माणूस, दुसऱ्या मिनिटाला येऊन तुम्हाला सांगितलं असतं.”