कासवाचा होकार

"मान हलवायची, हात हलवायचे. बोलायचं मात्र नाही," संयोजक बाईंनी तिसऱ्यांदा बजावलं.

बायकोबरोबर आलेल्या नवऱ्याने हातातल्या कासवाच्या हिरव्या पोशाखाकडे असं पाहिलं, जणू कुणी त्याला जिवंत मगर सांभाळायला दिली होती.

"किती वेळ?"

"दहा ते तीन."

"पाच तास? गप्प? मी?"

शंका रास्त होती. तो मासळीबाजारात लिलाव पुकारायचा. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा, आणि घरी तो तेच काम फुकटात करायचा.

पण नियम म्हणजे नियम. गेल्या वर्षी पर्यावरण मेळाव्यात मत्स्यालयाच्या कासवाने मुलांच्या घोळक्यातच डोकं उतरवून काखेत घेतलं आणि सँडविच खाल्लं. चाळीस मुलं एका सुरात रडली. म्हणतात, टाकीतला ऑक्टोपससुद्धा दोन दिवस जेवला नाही. तेव्हापासून कासवाच्या पाठीवरची चेन वर ओढून तिला सेफ्टी पिन लावायची आणि ती तीन वाजेपर्यंत काढायची नाही, असं ठरलं. काढायची तीही कासवाचा हात धरून फिरणाऱ्या माणसानेच.

हात धरणारी म्हणजे त्याची बायको. मत्स्यालयात तिला सगळे काचवाली म्हणत, कारण गेली नऊ वर्षं दर रविवारी ती हौसेने टाक्यांच्या काचा पुसायला येई. कासवासाठी नवऱ्याचं नाव तिनेच दिलं होतं. उगीच नव्हतं दिलं. तिच्या पर्समध्ये अकरा दिवसांपासून एक पत्र होतं.

पत्र मत्स्यालयाच्या डॉक्टरांचं होतं. समोरच्या बेटावर सहा महिने राहून कासवांची अंडी राखायची होती. बोट उद्या सकाळी सुटणार, आणि उत्तर आज तीनच्या आत हवं. घरी तिने सात वेळा सुरुवात करून पाहिली होती.

"अहो, मला ना..."

"चहा? ठेव की. मलाही अर्धा."

असं सात वेळा.

सासूबाईही आज बरोबर आल्या होत्या. मायलेक अगदी एका साच्यातले, रुंद, बुटके आणि चालताना डावीकडे झुकणारे. पोशाख चढवायला मदत म्हणून त्या लेकाबरोबर पंपाच्या खोलीत गेल्या. आत बराच वेळ कुजबुज चालली, मग काहीतरी धप्पकन पडलं. शेवटी कासव एकटंच बाहेर आलं. सासूबाई मागच्या दाराने देवमाशांचा पिक्चर बघायला गेल्या असणार. गाडीत त्यांनी तेवढाच एक धोशा लावला होता.

मग रांग लागली. मुलांनी कासवाच्या कानात शपथ सांगायची, असा तिथला रिवाज.

"मी नळ बंद करीन," एक चिमुरडी म्हणाली. "दादा नाही करत. त्याला तू चाव."

कासवाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. काचवालीला नवल वाटलं. घरी हा माणूस लहान मुलांना जिन्यावरूनच पिटाळायचा. गप्प राहिलं की माणसाचा स्वभाव बदलतो की काय?

अडीचला गर्दी खाण्याच्या टेबलांकडे पांगली. ती कासवाला घेऊन टाक्यांमागच्या बोळात आली. जेमतेम दोन माणसं मावतील एवढी जागा, घाम सुटलेल्या भिंती, डोक्यावर पाइप आणि पंपाची अखंड घरघर. कासव उलट्या बादलीवर टेकलं. त्याच्या तोंडाच्या जाळीतून धापा ऐकू येत होत्या.

"उकडतंय ना? उकडू दे जरा," ती म्हणाली. "आज तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, म्हणून सांगते."

तिने पत्र वाचून दाखवलं. सगळं, खालच्या सहीपर्यंत.

"मी भांडत नाहीये हो. पण त्या घरात माझं एक वाक्य पुरं होत नाही. हे मासे बघा, त्यांना निदान कुणीतरी थांबून बघतं. मी तीस वर्षं त्याच तीन खोल्यांत गोल गोल फिरतेय, आणि कुणाचं लक्ष नाही."

कासवाने तोंडाची जाळी तिच्याकडे वळवली.

"आता म्हणाल, आईचं कोण करणार? तुमच्या आईला माझ्या हातचं काय आवडतं, सांगा बरं! मीठ कमी, नाहीतर मीठ जास्त. मी सहा महिने नसले तर त्या पेढे वाटतील. माझ्या मनात काय आहे, हे त्यांनी तरी कधी विचारलंय?"

कासवाची मान खाली गेली.

तिने पत्राची घडी घातली. "बोलले जास्त. चुकलं. पण जाऊ का मी? एवढंच सांगा."

बोळाच्या तोंडाशी डॉक्टर उभे राहिले. हातात यादी, कानावर पेन. "काचवाली, तीनला दहा कमी आहेत. हो की नाही? नाहीतर मी दुसरं नाव घालतो."

तिने कासवाकडे पाहिलं. डॉक्टरांनी कानावरचं पेन काढलं. "मग नाही धरू?"

तेव्हा कासवाने मान हलवली. आधी जराशी. मग इतक्या जोरात, की डोकं वरच्या पाइपवर दाणकन आपटलं.

"हो," काचवाली म्हणाली. "हो, हो, मी येते."

तिने यादीवर सही केली. डॉक्टर यादी घेऊन निघून गेले, आणि बाहेर मेळावा संपल्याची घंटा झाली. तिने कासवाचा ओबडधोबड हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. डोळे वाहत होते, ते तिने पुसलेही नाहीत.

"तीस वर्षांत आज पहिल्यांदा माझं पुरतं ऐकून घेतलंत हो," ती म्हणाली, आणि पाठीमागे हात घालून पिन चाचपू लागली.

जाळीमागून एक घोगरा, थकलेला आवाज आला.

"आधी मोकळं कर गं मला, सूनबाई. त्याला कसं सांगायचं ते मी बघते."