चौसष्ट पाट्या

लेकीने ‘हो’ दाबलं तेव्हा बाबा शेजारच्या खुर्चीत पायात बूट घालून तयार बसले होते.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर गेमची काहीतरी लांबलचक सूचना आली होती. पाट्यांची टूलबॉक्स चालू होत नाही, तिच्याशिवाय जग उघडलं तर तिचे सगळे ठोकळे कायमचे जातील, पुढे जायचं का? अशा सूचना वाचतं कोण! ती टाइल्सच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक अटी न वाचताच सही ठोकतं, हे रोज बघायची आणि रोज हसायची. त्यात बाबांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं होतं. गेममधल्या गल्लीतली साडेपाचची फेरी चुकलेली त्यांना खपत नसे.

गल्ली उघडली. घरं होती, पायऱ्या होत्या, वळणावरचा वाकडा दिवासुद्धा होता. दारांवर पाट्या तेवढ्या नव्हत्या. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन पाहिलं. चौसष्ट दारं, एकावरही नाव नाही.

खरी गल्ली रस्ता रुंद करताना केव्हाच पाडली होती. बाबांनी तिथे एकतीस वर्षं टपाल वाटलं होतं, आणि दोन वर्षांपूर्वी ते विसरायला लागले तेव्हा लेकीने हा ठोकळे रचायचा गेम घेतला. ते सांगायचे, ती रचायची. गेमच्या स्वतःच्या पाट्यांवर आपली अक्षरं धड उमटत नव्हती, तेव्हा कुठल्याशा मुलाने केलेली फुकटची टूलबॉक्स, म्हणजे मराठी पाट्यांची पुरवणी, तिने गेमला वर जोडली. मग बाबा एकेका दाराशी थांबून नावं सांगत गेले. अगदी त्यांनी ठेवलेली टोपणनावंसुद्धा. ‘घड्याळवाले’. ‘थोरल्या काकू, दोनदा हाक मारणे’. ‘कुत्रं आहे, पण भित्रं’. तिने ती कागदावर कधी उतरवली नाहीत. पाट्यांवर होती की!

टूलबॉक्स करणाऱ्याला तिने निरोप पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं.

“ताई, ती मी कॉलेजात असताना केलेली. काल गेमची नवी आवृत्ती आली, त्यात ती बसत नाही. जगाची जुनी प्रत आहे ना?”

नव्हती. कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नव्हती म्हणून गेल्याच आठवड्यात तिने जुन्या प्रती पुसल्या होत्या. घर कसं, स्वच्छ हवं!

“मग अवघड आहे,” त्याने लिहिलं. “टूलबॉक्स मी दुरुस्त करून देतो, पाट्या पुन्हा लावता येतील. कोऱ्या येतील, पण नावं तुम्हाला माहीत असतीलच.”

तिने बोटांवर मोजलं. अकरा. आणखी ताणलं तर बारा, पण बारावं नक्की कुठल्या दारावर ते आठवेना. बाबांना तर वर्षभरात एकही नाव आपणहून आलेलं नव्हतं. ते पाटी वाचायचे, मग त्यांचा चेहरा उजळायचा आणि त्या घरातली काही ना काही गोष्ट निघायची. ते विसरू नयेत म्हणून तिने नावं पाट्यांवर लिहून ठेवली होती, आणि लिहिलेली आहेत म्हणून कुणीच ती लक्षात ठेवली नव्हती. तिने आपल्याच कपाळावर हात मारून घेतला.

“निघायचं का?” बाबा म्हणाले. “लोक वाट बघतात.”

तिने बाण दाबला. पहिल्या दाराशी थांबली आणि वाचल्यासारखं करून म्हणाली, “एक नंबर. घड्याळवाले.”

बाबांनी मान पुढे काढून पाहिलं. “पाटी कुठे आहे?”

“पाटी रंगवायला दिलीय बाबा. पण घर तेच. तुम्हीच नाही का सांगितलं होतं, त्यांच्याकडे सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवायची?”

“मी?” बाबा जरा ओशाळले. “असेल. पण अंदाजाने टाकायचं नाही. एकाचं टपाल दुसऱ्याच्या हातात गेलं तर घरं मोडतात. चला पुढे.”

दुसरं दार, तिसरं, चौथं. प्रत्येक दाराशी ते थांबले, पाहिलं, आणि नकाराची मान हलवली. ती आधी नावं सांगत होती, मग आठवत नव्हती तिथे रचून सांगू लागली. तिचं खोटं त्यांनी पकडलं नाही. खरंही त्यांना पटलं नाही. त्यांच्या दृष्टीने दोन्ही सारखंच होतं, आणि हे लक्षात आल्यावर ती नुसता बाण दाबत राहिली.

तिसाव्या दाराशी तिचं बोट थांबलं. तीन पायऱ्या, निळं दार, खिडकीला जाळी. इथली, स्वतःच्या घराची पाटी बाबांनी सगळ्यात शेवटी सांगितली होती, लाजत. आईचं नाव वर, त्यांचं खाली.

“बाबा, हे दार नीट बघा.”

बाबांनी नीट पाहिलं. उगाच वरवर नाही, एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने पाहावं तसं: खिडकी, पायऱ्या, मग दाराच्या वरची ती रिकामी जागा. बराच वेळ पाहिलं.

“कोण राहतं इथे?” तिने विचारलं.

“इथे ना?” बाबा म्हणाले. “इथे कुणी राहत नाही. टपालावर शेरा मारा आणि परत पाठवा.”