कुंचल्यासाठी केस

सावामुरा बाईंनी पिशवीतून रेशमी रुमाल काढला आणि चटईवर उलगडला. आत लांब, काळेभोर केस होते, एका टोकाला पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेले.

कुरामोची आजोबांनी हात पुसले. भांड्यांवर रोगण चढवायला माणसाच्या केसांचे कुंचले लागतात, आणि ते बनवणारे गावात आता ते एकटेच उरले होते. त्यांनी केस बोटांतून सोडले, उजेडाकडे धरले.

"कधी रंग लावलेला नाही," ते म्हणाले. "असे केस हल्ली बघायला मिळत नाहीत."

"यांच्या स्वतःच्या डोक्यावर एक नाही, आणि जन्म गेला बायकांच्या केसांत!" चहा ठेवत त्यांची बायको तोमिए म्हणाली. "मुलीचे का हो? आता आखूड ठेवते वाटतं?"

"मुलीचेच. चिनात्सुचे." बाईंनी रुमालाची कड सरळ केली. "फेब्रुवारीत गेली ती."

तोमिएची मान खाली गेली.

"शाळेच्या सहलीत इथे आली होती. तुमचं काम बघून गेली. तेव्हापासून म्हणायची, कापले की त्या आजोबांना द्यायचे. आणि कापू तर कधी दिले नाहीत." बाई किंचित हसल्या. "एक कुंचला करा. मला नको. कुणा कारागिराला द्या. रोज वापरू दे त्याला."

आजोबा बराच वेळ केसांवरून हात फिरवत राहिले.

"केसांत काही खोट नाही, बाई. पण निशिवाकी शेवटचा होता, त्यानंही गेल्या वर्षी काम बंद केलं. आता गावात रोगण लावणारं कुणी नाही."

"दुसऱ्या गावात?"

"विचारलं. आहेत तेच कुंचले त्यांना जन्मभर पुरतील."

"अहो, करून देतो म्हणा की," तोमिए पुटपुटली.

"आणि मग? कुणाच्या हातात देऊ?"

ते उठले. त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. आत केसांचे जुडगे टांगलेले होते, वरपासून खालपर्यंत.

"हेही सगळे चांगलेच आहेत," ते म्हणाले. "हवं तर ठेवून जा. मी आहे तोवर सांभाळीन."

बाई कपाटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठेवा."

"आधी विंचरून घेते. नाहीतर गुंता होतो," म्हणत तोमिएनं फणी घेतली.

बाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली. केस मांडीवर घेतले, दोऱ्याच्या जरा खाली मुठीत घट्ट धरले, मुळाशी ओढ बसू नये म्हणून, आणि टोकाकडून हळूहळू विंचरू लागल्या.