पायथ्यापर्यंत गाडी

नातीच्या एका पत्राला मी उत्तरच दिलं नाही. "आजोबा, माझा दहावा वाढदिवस कड्यावर आहे! आम्ही दोर लावून चढू, तुम्ही खाली पुस्तक वाचत बसा. पण नक्की या." पुस्तकांच्या कपाटापुढे स्टुलावर चढलो तरी मला गरगरतं, मला कोण मनापासून बोलावणार? सुनेने लिहायला लावलं असेल, असं समजून गप्प बसलो.

नंतर मुलाचा फोन आला. "अण्णा, 'येत नाही' एवढं तरी कळवायचं! आजोबा आल्याशिवाय चढणार नाही म्हणून पोरगी हटून बसली. दुपारपर्यंत खडक असा तापला की हात टेकवेना. केक तसाच घेऊन परत आलो."

"मला वाटलं, तुम्हाला माझी अडचण होईल."

"पायथ्यापर्यंत गाडी जाईल असा कडा तिने हट्टाने शोधायला लावला होता. तुमच्यासाठी."

यंदा पत्र आलं नाही. अकराव्या वाढदिवसाचा कडाही तिनेच निवडलाय, गाडीरस्त्यापासून चार तास चालत.

आज सकाळी मी त्या जुन्या पत्राचं उत्तर टपालपेटीत टाकलं: "नक्की येतो."