जखमीशी बोलत राहावे

"उन्नती, घाबरू नको. मी आहे ना."

चारुलता कणकेच्या हातानं स्वयंपाकघरातून बाहेर आली. हॉलमध्ये तिचा नवरा गुडघे टेकून बसला होता आणि दिवाणावरचा लोड फरशीवर आडवा घालून त्याच्याशी बोलत होता. तोंडाला ओला टॉवेल. टेबलफॅनकडे पाठ. वारा पाठीवर घेऊनच गॅसगळतीच्या जागी जायचं, असा नियम आहे म्हणे.

"ही उन्नती कोण?"

"डिस्पॅचमधली." अभिरामनं टॉवेल हनुवटीखाली ओढला. "सोमवारी स्पर्धेत ती जखमी होणार आहे."

शिरवण्याजवळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाचे सिलिंडर तोच हाताळायचा. गेल्या वर्षी सेफ्टी वीकच्या स्पर्धेत त्यानं सगळ्यांच्या आधी व्हॉल्व्ह बंद केला, जखमीला मोकळ्या हवेत आणलं, डोळे धुतले, आणि तरी नंबर दुसराच आला. गुणांच्या कागदावर शेवटचं कलम होतं : जखमीशी बोलत राहावे, धीर द्यावा. त्याला दहा गुण. अभिराम चकार शब्द बोलला नव्हता.

चारुलताला त्याचं नवल वाटलं नव्हतं. तिनं तरी संसाराच्या एकोणीस वर्षांत त्या कलमाला कुठे गुण दिले होते!

"पुढे काय म्हणणार तिला? ऐकू दे."

तो लोडाकडे वळला. "हात लावू नको डोळ्याला. चोळायचं नाही. झोंबेल थोडं, पण मी इथेच आहे. कुठे जात नाही."

कुठे जात नाही! पित्ताशयाच्या ऑपरेशनला तिला आत नेत होते, तेव्हा हाच माणूस स्ट्रेचरशी वाकून म्हणाला होता, पार्किंगची पावती तुझ्या पर्समध्ये आहे का. आणि इथे एका लोडाचं नशीब बघा.

"लोडाशी बोलणं सोपंय. त्याला डोळे कुठे आहेत?" तिनं लोड पायानं बाजूला सारला, हात धुतले आणि बाथरूमच्या फरशीवर सरळ आडवी झाली. "या. तांब्या घेऊन या."

"अगं, गाऊन भिजेल."

"उन्नतीचा ड्रेस भिजलेला चालतो?"

तो आला. शेजारी बसला. दोन बोटांनी तिच्या पापण्या अलगद उघड्या धरल्या आणि नाकाकडून कानाकडे पाण्याची बारीक धार सोडली. हात एकदम सराईत.

"उन्नती, घाबरू…"

"नाव चुकलं."

"चारू," तो म्हणाला. धार तेवढी चालू ठेवली. टाकीचं पाणी डोळ्यात टोचत होतं, तरी तिनं पापणी हलू दिली नाही.

"बोला की! त्या पोरीला तर घडाघडा सांगत होतात."

"तू खरंच अशी पडलीस ना," तो म्हणाला, "तर यातलं एक वाक्य मला आठवणार नाही." धार चुकली. अर्धं पाणी तिच्या कानात गेलं.

"मग काय कराल?"

तांब्या रिकामा झाला. त्यानं तो बादलीत बुडवून पुन्हा भरला.

"पाणी ओतत राहीन."

चारुलतानं मान वळवली आणि दुसरा डोळा त्याच्यापुढे केला.

"हा कोरडाच आहे अजून," ती म्हणाली.