पहिलं दळण

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी नागपूरच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं चित्र यवतमाळच्या कॉलेजातल्या पडद्यावर उमटलं. खोलीत दोघंच होती. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांपासून नॅनोतंतू काढण्यावर पीएच.डी. करणारी सलोनी, आणि त्या काड्यांचा ओला लगदा दळणारी चक्की सांभाळणारा जहीर. नागपुरात यंत्रावर बसलेल्या अर्पिताचा फोनवरून फक्त आवाज येत होता. चार महिने थांबल्यावर तासाभराची वेळ मिळाली होती.

चक्कीच्या दगडांना टाकी लावणं, म्हणजे छिन्नीने नव्या खाचा पाडणं, हा जहीरच्या घरचा तीन पिढ्यांचा धंदा. कॉलेजच्या शेडमधली चक्की त्यानेच बसवली होती. आजवर तीनदा फोटो निघाले, तिन्ही वेळा तंतू जाड आले, आणि तिन्ही वेळा त्याने दगड उतरवून नव्याने टाकी लावली. आता खोट चक्कीत निघाली तर ती बंद करायची आणि लगदा पुण्याच्या यंत्रावर पाठवायचा, असं सलोनीचे सर सोमवारी म्हणाले होते. तिने हे जिना चढताना जहीरला सांगितलं. तो एका पायरीवर थांबला, गुडघा दाबला आणि पुन्हा चढू लागला.

पडद्यावर राखाडी जाळं दिसलं. अर्पिता मापं सांगू लागली. चौतीस नॅनोमीटर. एकेचाळीस. एकोणतीस. सलोनीने पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"बारीक आहे?" जहीरने विचारलं.

"केसाचे दोन हजार भाग केले तर त्यातला एक, चाचा."

"मंग आता तरी चहा सांग. तीन खेपा कोरडंच धाडलं तू मले."

चहा सांगायचा राहिला. चित्राच्या कोपऱ्यात एक पांढराफटक खडा होता. अर्पिताने जागा बदलली. तिथेही खडे होते. पाच जागा पाहिल्या, चार ठिकाणी तेच. तिने खड्याची तपासणी केली. सिलिकॉन निघालं. ते मातीत असतं, तसं दगडातही असतं. यंत्राला त्यापुढे काही सांगता येत नव्हतं. अर्पिताच्या मते काड्या नीट धुतल्या गेल्या नसाव्यात, रानातली माती राहिली असणार.

मारोतराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानातून आणलेल्या त्या काड्या सलोनीने सात पाण्यांतून काढल्या होत्या. तिने वाद घातला नाही. माती असेल तर आठव्यांदा धुवायच्या, एवढंच. तंतू बारीक आले होते, चक्की वाचली होती. सरांना द्यायच्या तपासणीच्या अर्जातल्या 'अशुद्धी' या रकान्यात तिने 'माती'तलं 'मा' लिहिलं, तेवढ्यात जहीर खुर्चीतून उठून पडद्याशी गेला.

"जराक मोठं करा, ताई."

अर्पिताने बजावलं की झोत एका जागी फार वेळ राहिला तर तंतू जळतो. म्हणून तर ती आधी शेजारच्या जागेवर चित्र स्पष्ट करून घ्यायची आणि मगच हव्या त्या तंतूकडे वळून फोटो घ्यायची. तरी तिने मोठं करून दिलं.

जहीरने चष्मा कपाळावर सरकवला आणि खड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. नखात दगडाची भुकटी होती.

"माती नाही हे. माती घासून घासून गोल होते. याची कोर पाह्य, बेटा. टाकीच्या घावानं उडालेला दगड आहे हा. माह्या हातचा."

मग तो खाली बसला आणि पडद्याकडे न बघता सांगत राहिला. टाकी लावली की पहिलं दळण कोणी खात नाही. पायलीभर भरड दळायची, ढोरांपुढे टाकायची. त्यात दगडाची सुटी कच निघून जाते. त्याच्या बाभुळगावात हे दळण घेऊन येणाऱ्या पोरीलाही ठाऊक असतं. पण या चक्कीत धान्याचा दाणाही जाता कामा नये, असं सलोनीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्याने ते पाळलं. भरड दळायच्या ऐवजी दगड पंधरा पाण्यांनी धुतले. मग पहिला लगदाच टाकून द्यायचा, हे त्याला सुचलं नाही. आणि तिने दळलेला सगळा लगदा एकाच बादलीत ओतला होता.

"आता दगड साफ असतील?" तिने विचारलं.

"असतीन. कच गेली तुह्या बादलीत."

न दळलेला अर्धी बादली लगदा शीतकपाटात होता. पुन्हा वेळ कधी मिळेल, ते अर्पितालाही सांगता येत नव्हतं.

अर्पिताला ऐकू जाऊ नये म्हणून सलोनीने फोनचा माइक बंद केला.

"चाचा, माती लिहिलं तर चक्की राहते."

"राहते ना. अन् तू वर्षभर पऱ्हाटी धूत बसशीन."

ती पडद्याकडे वळली. बोलण्यात नागपूरचा झोत तिथेच राहून गेला होता. खड्याला टेकलेला एक तंतू मधोमध बारीक होत गेला, तुटला आणि दिसेनासा झाला. खडा तसाच होता.

तीन वाजून दहा मिनिटांनी चित्र गेलं. भरलेला अर्ज पाच वाजेपर्यंत सरांच्या टेबलावर हवा होता. साडेचारला जहीर शेडमध्ये होता. पहिला मगभर लगदा दळून त्याने नालीत ओतला होता आणि दुसरा चक्कीत घातला होता. शेजारी बसलेल्या सलोनीच्या मांडीवर अर्ज होता. रकान्यात अजून 'मा' एवढंच होतं.