अरअर

अरे, अरे. शुक्रवारचं मटण. कुवेत, १९७९. जांभळट काळे दाणे.

नर्स प्रभाला काळी मिरी हवी होती, पण अरबी शब्द आठवेना. मसालेवाल्यासमोर ती बोटं नाचवत नुसतीच "अरे, अरे…" करत राहिली.

"अरअर?" म्हणत त्याने खुशीत पुडी बांधली. अरबीत अरअर म्हणजे ज्युनिपरची फळं, ज्यांचा वास जिनला असतो, हे तिला कुठून ठाऊक असणार? तिने घरी येऊन दाणे कुटले आणि मटणात घातले.

पहिल्याच घासाला तिच्या नवऱ्याने, हरिश्चंद्रने, डोळे मिटले. "प्रभा, जिन! इथे दारूबंदी असताना तुला मिळाली कुठे?"

"जिन कुठली? मिरी आहे ती."

"अगं, अगदी तोच वास!"

"तोच म्हणजे कुठला, अहो?"

हरिश्चंद्र चावायचा थांबला. "म्हणजे… हॉस्पिटलात स्पिरिट असतं ना, तसा."

"स्पिरिट मी रोज हुंगते," प्रभा म्हणाली. "अजून वाढू?"

१९७४ साली मुलगी बघायला आलेल्या हरिश्चंद्रने प्रभाच्या वडिलांना सांगितलं होतं, "मी सुपारीसुद्धा खात नाही."